मुलांचा कंटाळा येऊ लागलेल्या बाईंना

पत्राचा सारांश: जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेतल्या ४३ वर्षांच्या बाईंचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. पहिली ते चौथीची ४६ मुलं, नोकरीला १७ वर्षं झालेली, घरापासून शाळा २० किलोमीटर, जाणं-येणं स्कूटीवरून. मुख्याध्यापकपदाचा प्रभार त्यांच्याकडेच आणि बीएलओचं (मतदार यादीसाठी नेमलेल्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) कामही त्यांच्याकडेच. घरी दहावीतला मुलगा, गुडघ्यांमुळे फारसं चालता न येणाऱ्या सासूबाई आणि खासगी नोकरी करणारे पती. त्या लिहितात: "पूर्वी सुट्टीत मुलांची आठवण यायची. आता शाळेचं फाटक दिसलं की छातीवर दडपण येतं. मागच्या महिन्यात दुसरीतली एक मुलगी पुस्तक घेऊन टेबलाशी आली. पहिलीत वर्षभर तिला अक्षरं जुळत नव्हती. 'बाई, अख्खं पान वाचून दाखवू?' म्हणाली. मी मोबाइलवर पोषण आहाराची माहिती भरत होते. मान वर न करता 'नंतर' म्हटलं. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली. मे महिन्याच्या सुट्टीत बरं वाटेल म्हणून वाट पाहिली, पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. कधी कधी गाडीवर असताना मनात येतं, घसरून हात मोडला तर महिनाभर तरी घरी राहता येईल. नवरा म्हणतो, शिक्षकांना कसलं टेन्शन, एवढ्या सुट्ट्या असतात. मी वाईट शिक्षिका झालेय का? राजीनामा द्यावा का?"

नमस्कार बाई,

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येते, पण त्याआधी स्कूटीवरच्या त्या विचाराबद्दल बोलू. तुम्ही तो ओघात लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. विश्रांती मिळावी म्हणून हात मोडावा असं ज्या माणसाला वाटतं, त्याने आपला विसावा मागायचे सरळ मार्ग स्वतःच बंद करून घेतलेले असतात. हा विचार येणारे लोक खूप आहेत. आजारी पडलं तर बरं, ॲडमिट केलं तर निदान झोप मिळेल, असं परिचारिका सांगतात, बँकेतले अधिकारी सांगतात, घरात आजारी माणसाचं करणाऱ्या सुनाही सांगतात. हा विचार आल्याने तुम्ही वेड्या ठरत नाही, पण तो तसाच सोडून द्यायचाही नाही. हात मोडण्यापुरता असलेला हा विचार कधी 'संपलंच तर सुटले' इथवर गेला, तर त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. तुमच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असतील, तेही भेटतील.

आता तुमचा पहिला प्रश्न: वाईट शिक्षिका झालेय का?

तुम्ही जे लिहिलंत त्यात तीन गोष्टी दिसतात. रात्रीच्या झोपेने किंवा रविवारने न जाणारा थकवा. मुलांविषयी आणि कामाविषयी आलेलं तुटलेपण. आणि '१७ वर्षांत मी काय केलं' अशी भावना. (हे वाक्य तुमच्या पत्राच्या शेवटच्या पानावर आहे, जागेअभावी वर घेता आलं नाही.) जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती स्वीकारली, त्यात बर्नआउटची हीच तीन लक्षणं दिली आहेत आणि तो आजार नसून कामाशी निगडित अवस्था आहे असं स्पष्ट म्हटलं आहे. कामाच्या जागी दीर्घकाळ ताण राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही तर ही अवस्था येते, अशी ती व्याख्या आहे. म्हणजे शोध तुमच्या स्वभावात नव्हे, कामाच्या मांडणीत घ्यायचा.

या अवस्थेचं पहिलं वर्णन कुणाचं होतं, हेही तुम्हाला सांगावंसं वाटतं. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये त्यावर लिहिलं. न्यूयॉर्कमध्ये व्यसनग्रस्तांसाठी चालणाऱ्या मोफत दवाखान्यात तो काम करत होता. तिथे झोकून देऊन काम करणारे स्वयंसेवक काही काळाने रुग्णांवरच चिडू लागतात, कोरडे होतात, हे त्याने पाहिलं आणि स्वतःतही अनुभवलं. कामचुकार माणसं तिथे होती कुठे? ज्यांनी जीव लावला त्यांचंच असं झालं. तुमचं ते 'काहीच वाटलं नाही' मी याच प्रकाशात वाचते. सतत पुरवून पुरवून वापरलेलं मन एका टप्प्याला दार लावून घेतं. माया आटली असती तर ही गोष्ट तुम्हाला आठवलीही नसती, आणि एवढं लांबलचक पत्र तर नक्कीच लिहिलं नसतं.

तुम्ही असं गृहीत धरलंय की मुलांचा कंटाळा आलाय. तुमच्याच पत्रात तुम्ही एक पूर्ण दिवस लिहून काढला आहे, तो मी पुन्हा वाचला. परिपाठ होतो न होतो तोच केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर 'तातडीने माहिती सादर करा, निरंक असल्यास निरंक कळवा'. हजेरी ॲपवर. तांदूळ, डाळ, तेल यांचा शिल्लक साठा आणि जेवलेल्या मुलांची संख्या पुन्हा दुसरीकडे. कुठल्याशा दिनाचे फोटो, तेही लगेच. मग यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, एका मुलाच्या आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून पालकाला फोन. जेवणाच्या सुट्टीत मतदार यादीतली मयत आणि स्थलांतरित नावं. त्या सगळ्या दिवसात मुलांसमोर फळ्याशी उभं राहून सलग शिकवलेला वेळ मी शोधला. एक तास निघाला, तोही दोनदा तुटलेला. ज्या कामाने दमल्यासारखं वाटतंय ते तुम्हाला करायलाच मिळत नाहीये, बाई. कंटाळा कशाचा आलाय ते एकदा नीट तपासा.

त्यासाठी एक आठवडा एवढंच करा. टाचण वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखा. एका बाजूला मुलांसोबत गेलेला वेळ, दुसऱ्या बाजूला मुलांना बाजूला ठेवून गेलेला. प्रत्येक वेळी शेजारी 'बरं' किंवा 'जड' एवढंच लिहा. सातव्या दिवशी ते पान वाचून तुमचा राग कुणावर आहे ते तुम्हाला कळेल. आज तो जवळच्या माणसांवर, म्हणजे पोरांवर निघतोय, कारण ती समोर असतात आणि काही बोलत नाहीत.

त्याच आठवड्यात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर. आपल्याकडे चाळिशीतल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं कमी हिमोग्लोबिनवर घर आणि नोकरी ओढतात आणि दम लागला की स्वतःलाच आळशी म्हणतात. पाळी अनियमित होऊ लागण्याचं वयही हेच. त्यात झोप मोडते, चिडचिड वाढते. तेही डॉक्टरांना सांगा. आणि एक फरक लक्षात ठेवा. शाळेपासून लांब असताना, म्हणजे मे महिन्यात माहेरी किंवा मुलाशी गप्पा मारताना, तुम्हाला हसू येत होतं का? येत असेल तर त्रासाचं मूळ बहुतेक कामात आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, आपण कुणाला नकोसे आहोत असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर औषध आहे, समुपदेशन आहे, आणि ते घ्यायला तज्ज्ञाकडेच जावं लागतं. दोन्ही एकत्रही असू शकतात.

सुट्टीने बरं का वाटलं नाही, असं तुम्ही विचारता. सुट्टी थकवा घालवते. पण सुट्टीनंतर ज्या खुर्चीत बसायचं ती खुर्ची जशीच्या तशी असेल, तर जमा झालेली ताकद पंधरा दिवसांत उतरते. म्हणूनच 'योगासनं करा, सकारात्मक राहा' एवढाच सल्ला मी तुम्हाला देणार नाही. योगासनं चांगलीच आहेत, जमत असतील तर जरूर करा. पण कामाचं ओझं तसंच ठेवून ते उचलणाऱ्याने आणखी बळ कमवावं, हे मला पटत नाही.

मग ओझ्याचं काय करायचं? काही तुमच्या हातात आहे, काही नाही.

जे हातात आहे त्यात पहिला तो फोन. 'तातडीने' असा शब्द असलेल्या प्रत्येक संदेशाला तुम्ही दहा मिनिटांत उत्तर देता, असं तुम्हीच लिहिलंय, आणि केंद्रात पहिली माहिती आपल्या शाळेची जाते याचा थोडा अभिमानही त्यात आहे. तो अभिमान सोडा, असं मी कळकळीने सांगते. ग्रुप दिवसातून दोनदा पाहा, परिपाठाआधी आणि शाळा सुटताना. खरंच अडलं तर केंद्रप्रमुख फोन करतात. मागितलेली माहिती तीच ती असते, म्हणून एका पुठ्ठ्यावर शाळेचे ठरलेले आकडे लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा: यू-डायस क्रमांक, इयत्तावार आणि प्रवर्गवार पट, मुलं-मुली, वर्गखोल्या, शौचालयं, बँक खातं. पट बदलला की पेन्सिलीने दुरुस्त करा. बहुतेक लिंका एवढ्यावर भरून होतात, दर वेळी जनरल रजिस्टर उघडावं लागत नाही.

आणि प्रत्येक काम उत्तमच व्हायला हवं असं नाही. तुम्हाला हे खटकेल, कारण तुमची पिढी नेटक्या नोंदवह्यांवर वाढली आहे. पण दिनाच्या अहवालात चार ओळी चालतात. फोटो एकच चालतो. तुमचा जीव ज्याने भरतो तो एक तास मात्र कुणाला देऊ नका. रोज मधल्या सुट्टीआधीचा एक तास वाचनाचा ठेवा, फोन कपाटात, दोन्ही खोल्यांतली मुलं हवी तर एकत्र. त्या तासात साहेब आले तरी वाचन चालू राहू दे, तेही ऐकतील. आपण कुचकामी आहोत ही भावना समजुतीच्या शब्दांनी जात नाही. काल न वाचता येणारं पोर आज वाचताना ऐकलं की ती कमी होते. त्या मुलीला उद्याच बोलवा आणि अख्खं पान वाचून घ्या. उशीर झालेला नाही. दुसरीतली मुलं अशा गोष्टी मनात ठेवत नाहीत, पुस्तक घेऊन पुन्हा येतात.

जे एकटीच्या हातात नाही, त्यासाठी कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं एवढी सोडून शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावता येत नाही. निवडणुकीचं काम त्यात बसतं, त्यामुळे बीएलओचा आदेश सरळ नाकारण्याच्या भानगडीत पडू नका, कारवाई होऊ शकते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सेंट मेरीज स्कूलच्या प्रकरणात म्हटलं आहे की शिक्षकांना मतदार यादीची कामं सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत, शिकवण्याच्या वेळेत सहसा देऊ नयेत. राज्य सरकारनेही २०२४ मध्ये शासन निर्णय काढून शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक, अशैक्षणिक आणि अनिवार्य अशी वर्गवारी केली. त्याची प्रत तुमच्या संघटनेच्या तालुका प्रतिनिधीकडे नक्की असेल. ती मागून घ्या आणि तुमच्या दोन रकान्यांच्या पानाशी ताडून पाहा.

पण ते पान घेऊन एकट्या कार्यालयात जाऊ नका. एकटी बाई बोलली की 'यांनाच जमत नाही' असा शिक्का बसतो, हे आपण दोघीही जाणतो. पुढच्या शिक्षण परिषदेत, जिथे केंद्रातले सगळे शिक्षक जमतात, तिथे तीन-चार जणांनी मिळून विषय काढा आणि मागणी छोटी, लेखी आणि करता येण्याजोगी ठेवा. एकच माहिती दोनदा मागू नये. शाळेच्या वेळेत माहितीची मुदत ठेवू नये. बीएलओचं काम दर काही वर्षांनी फिरतं ठेवावं, यासाठी तहसील कार्यालयाला गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पत्र जावं. तिन्ही मान्य होतील असं मी म्हणत नाही. एक झाली तरी रोजची वीस मिनिटं वाचतील. आणि त्या खोलीत तुमच्यासारखंच फाटक पाहून दडपण येणाऱ्या किती जणी आहेत, ते तुम्हाला त्या दिवशी समजेल. हा एकटेपणा तुटणं मला त्या वीस मिनिटांहून मोठं वाटतं.

रजेविषयी तुम्ही लिहिता, 'मी रजा घेतली तर सरांवर ४६ मुलं पडतात, म्हणून मी तापातही जाते.' ही खरी अडचण आहे. द्विशिक्षकी शाळेत एकाची रजा म्हणजे दुसऱ्याची शिक्षा. पण तुमच्या जागी तात्पुरता शिक्षक देणं हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयाचं काम आहे. ते काम तुम्ही तुमच्या तापाने भरून काढताय. सेवापुस्तकातलं रजेचं खातं बघा. अर्धवेतनी रजा दर वर्षाला २० दिवस जमा होत असते. १७ वर्षांत हात लावला नसेल तर तीनशेहून जास्त दिवस शिल्लक असतील. वैद्यकीय दाखला असेल तर ती परिवर्तित करून पूर्ण पगारावर घेता येते, फक्त खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. डॉक्टरांनी सांगितलं तर पंधरा दिवस, महिना घ्या, आठवडाभर आधी लेखी कळवून, म्हणजे कार्यालयाला व्यवस्था करायला वेळ मिळेल. हात मोडायची गरज नाही, बाई. रजा तुमच्या नावावर पडून आहे.

घराचं सांगते. 'शिक्षकांना कसलं टेन्शन' हे वाक्य तुमच्या यजमानांनी कदाचित सहज म्हटलं असेल, पण त्यानंतर तुम्ही घरात शाळेचं बोलणंच सोडलंत. त्यांना तुमचा दिवस माहीत नाही. त्यांना ते दोन रकान्यांचं पान दाखवा. भांडणात नको, एखाद्या रविवारी चहा पिताना. आणि मागायचं ते नेमकं मागा. 'जरा हातभार लावा' म्हटलं की दोन दिवस भाजी चिरली जाते आणि संपतं. सासूबाईंची औषधं, दवाखान्याच्या तारखा आणि संध्याकाळचं जेवण वाढणं एवढं पूर्णपणे त्यांच्याकडे, आठवण करून देण्यासकट, असं ठरवा. मुलगा दहावीत असला तरी स्वतःचा डबा भरू शकतो. सुरुवातीला भाजी खारट होईल, गोळी उशिरा दिली जाईल. तिथे उठून सावरायला जायचं नाही, एवढं मात्र तुम्हाला कठीण जाईल.

तुमचं पत्र शाळेबद्दल आहे, पण वाचताना अनेकांना स्वतःचं दिसलं असेल. आशाताईंना, वॉर्डातल्या परिचारिकांना, शाखेत टार्गेट आणि काउंटर दोन्ही सांभाळणाऱ्यांना. त्यांच्या रकान्यांची नावं वेगळी असतील. आपलं मूळ काम कोणतं आणि आपल्याला खाणारं काम कोणतं, हे वेगळं करून पाहणं आणि मग एकट्याने नव्हे तर चौघांनी मिळून बोलणं, त्यांनाही लागू आहे.

आता राजीनामा. द्यायचाच नाही असं मी म्हणणार नाही. काही जागा माणसाला खरंच मोडतात आणि तिथून निघणं शहाणपणाचं असतं. पण आज नको. इतकं थकलेलं असताना घेतलेला निर्णय फक्त 'इथून सुटू दे' एवढंच पाहतो, पुढचं नाही. तुमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची दिसते, म्हणजे जुनी पेन्शन तुम्हाला आपोआप लागू नाही, आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतून मुदतीआधी बाहेर पडलं तर साठलेल्या रकमेचा मोठा भाग एकरकमी हातात येत नाही. लेखा विभागातून तुमच्या खात्याचा हिशेब लेखी मागवा आणि यजमानांसोबत बसून तो वाचा. मधले पर्यायही पाहा. मुख्याध्यापकपदाचा प्रभार दुसऱ्याकडे देता येईल का, पुढच्या बदली प्रक्रियेत जास्त शिक्षक असलेली किंवा जवळची शाळा मागता येईल का, हे दोन्ही राजीनाम्याच्या खूप अलीकडचे मार्ग आहेत.

तपासण्या, रजा, वाचनाचा तास, परिषदेतलं बोलणं, घरातली वाटणी, एवढं करून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबा. सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात, झोप झालेली असताना, पुन्हा स्वतःला विचारा: माहितीची कामं निम्मी झाली तर या मुलांना शिकवायला मला आवडेल का? उत्तर 'हो' असेल तर लढाई कामाच्या मांडणीशी आहे, आणि ती चौघांसोबत चालू ठेवा. उत्तर 'नाही' आलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तेव्हा मला पुन्हा लिहा, सोबत हिशेबाचा तो कागद पाठवा. पुढचं आपण त्यावरून ठरवू.